फोर्ट्रान आज्ञावलींचे पुनर्संकलन

फोर्ट्रान आज्ञावलींचे पुनर्संकलन : फोर्ट्रान या संगणकीय भाषेत पूर्वी, त्या काळच्या संगणकांसाठी लिहिलेल्या आज्ञावली आधुनिक संकलकांकडून यंत्रभाषेत उतरवून घेणे व त्यांच्यापासून पूर्वीइतकीच विश्वसनीय उत्तरे मिळविणे, या क्रियेला पुनर्संकलन म्हणता येईल. संगणकाला क्रमाने द्यावयाच्या सूचनांच्या संचाला आज्ञावली, तर माणसाला वाचता येईल अशा भाषेतील आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणाऱ्या साधनाला संकलक अथवा कंपायलर म्हणतात [⟶ संगणक]. वरील व्याख्येतील दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. संकलकाने आज्ञावली नाकारली, तर दोष तत्काळ नजरेस येतो. परंतु ती निमूटपणे स्वीकारूनही उत्तर चुकले, तर तो दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. म्हणून संकलन निर्वेध होणे ही या कामाची समाप्ती नसून सुरुवात होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम कंपनीत ७०४ या संगणकासाठी तयार केलेला फोर्ट्रानचा पहिला संकलक १९५७ मध्ये वापरात आला. पुढे फोर्ट्रान-२ (१९५८) व फोर्ट्रान-४ या आवृत्त्या प्रसृत झाल्या. निरनिराळे उत्पादक भाषेत आपापली भर घालू लागल्याने १९६६ मध्ये अमेरिकेत तिचे मानक ठरविण्यात आले. यालाच फोर्ट्रान-६६ म्हणतात. १९७८ मध्ये मान्य झालेल्या फोर्ट्रान-७७ या मानकाने अक्षरमालांसाठी स्वतंत्र प्रकार व ‘इफ-देन-एल्स’ ही रचना आणली. फोर्ट्रान-९० ने स्तंभबंधनातून मुक्त अशी मांडणी, मॉड्यूल व गरजेनुसार स्मृती मागून घेण्याची सोय दिली. त्यानंतरची मानके १९९५, २००३, २००८, २०१८ व २०२३ या वर्षांच्या नावांनी ओळखली जातात.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला व अन्य संस्थांतील संशोधकांच्या फोर्ट्रान आज्ञावलीही त्यावर चालविल्या जात. ते संगणक केव्हाच मोडीत निघाले. आज्ञावली मात्र टिकून राहिल्या. रैखिक बीजगणितातील लिनपॅक (१९७९), अरैखिक समीकरणांसाठीचा मिनपॅक (१९८०), संख्यात्मक समाकलनाचा क्वाडपॅक (१९८३) इ. संग्रह आजही अनेक प्रणालींच्या पोटात आहेत. हवामानाच्या व जलवायूच्या अंकीय प्रतिमानांचा मोठा भाग फोर्ट्रानमध्येच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मॉन्सूनच्या पूर्वानुमानासाठी वापरलेली प्रतिमानेही याच भाषेतील आहेत. त्यामुळे पुनर्संकलन हा केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा विषय नाही.

मांडणीतील अडचणी : जुनी फोर्ट्रान आज्ञावली ८० स्तंभांच्या छिद्रित कार्डांवर लिहिली जाई. पहिल्या स्तंभात ‘सी’ हे अक्षर असल्यास ते कार्ड केवळ टिप्पणीचे समजले जाई. पहिल्या पाच स्तंभांत विधानाचा क्रमांक, सहाव्यात मागील विधान पुढे चालू असल्याची खूण व ७ ते ७२ या स्तंभांत प्रत्यक्ष विधान असे. ७३ ते ८० हे स्तंभ संकलक वाचत नसे. कार्डांची चळत हातून पडल्यास पुन्हा लावता यावी म्हणून त्यांत अनुक्रमांक घालीत. ७०४ च्या कार्डवाचकाला एका वेळी ७२ च स्तंभ वाचता येत, हे या मर्यादेचे मूळ होय.

आधुनिक संकलक सामान्यतः फाइलच्या नावाच्या शेवटच्या भागावरून मांडणी जुनी आहे की मुक्त हे ठरवितात; तेथे चूक झाल्यास पहिल्याच ओळीपासून शेकडो दोष दाखविले जातात. हा दोष उघड असल्याने निरुपद्रवी आहे. घातक दोष निराळा आहे. जुन्या मांडणीतील ओळ संपादन करताना ७२ व्या स्तंभापलीकडे गेली, तर पुढचा भाग गळतो. समजा, चलाचे नाव ‘आल्फा१’ असून त्यातील शेवटचा ‘१’ ७३ व्या स्तंभात गेला, तर संकलक ‘आल्फा’ या नावाचा दुसराच चल गृहीत धरतो. फोर्ट्रानमध्ये घोषणा न केलेल्या चलाचा प्रकार त्याच्या आद्याक्षरावरून ठरतो—रोमन आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे चल पूर्णांक व इतर सत् संख्या—त्यामुळे हा नवा चल बिनतक्रार स्वीकारला जातो व त्यात कोणतेही मूल्य असू शकते. उलट, ओळीची मर्यादा १३२ स्तंभांपर्यंत वाढविल्यास जुने अनुक्रमांकच विधानाचा भाग म्हणून वाचले जातात. तेव्हा कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी ७३ व्या स्तंभापासून पुढे काय आहे हे तपासणे व ओळ छाटली गेल्याचा इशारा देण्याची सोय चालू ठेवणे आवश्यक असते.

जुन्या मांडणीत विधानातील रिकाम्या जागांना अर्थ नसतो. ‘डू १० आय = १, १०’ या विधानातील स्वल्पविरामाऐवजी टिंब पडले, तर ते ‘डू१०आय’ या चलाला १·१० हे मूल्य देणारे विधान ठरते. मुक्त मांडणीत ही संदिग्धता राहत नाही.

वगळलेली विधाने : राशी ऋण, शून्य किंवा धन असेल त्यानुसार तीन विधानांपैकी एकाकडे नेणारे अंकगणितीय ‘इफ’ हे पहिल्या संकलकापासून वापरात होते, २०१८ च्या मानकातून ते वगळण्यात आले. ‘असाइन’ व त्यावर आधारित ‘गो टू’, ‘पॉज’ आणि सत् संख्येने मोजले जाणारे आवर्तन ही विधाने १९९५ च्या मानकातच गळली. ‘कॉमन’ व ‘इक्विव्हॅलन्स’ ही २०१८ पासून कालबाह्य मानली गेली आहेत. तथापि ती वगळलेली नाहीत. मानकातून एखादे विधान वगळले, तरी संकलक ते नाकारतोच असे नाही. बहुतेक संकलक केवळ इशारा देतात व जी-फोर्ट्रानसारख्या संकलकात ‘लेगसी’ हे मानक निवडल्यास इशारेही थांबतात.

अधिक त्रास होतो तो मानकात कधीच नसलेल्या, उत्पादकांनी घातलेल्या भरीचा. सीडीसी संगणकांवरील आज्ञावलींच्या पहिल्या ‘प्रोग्रॅम’ विधानात कंसात फाइलींची नावे देत. ती काढून त्याऐवजी ‘ओपन’ विधाने घालावी लागतात. ‘एन्कोड’ व ‘डीकोड’ या विधानांच्या जागी फोर्ट्रान-७७ मधील अंतर्गत ‘रीड’ व ‘राइट’ वापरतात.

अक्षरे व शब्दलांबी : फोर्ट्रान-६६ मध्ये अक्षरांसाठी स्वतंत्र प्रकार नव्हता. ‘४एच’ असे लिहून पुढे चार अक्षरे दिली की ती पूर्णांक किंवा सत् चलात भरता येत. अशा स्थिरांकांना हर्मन हॉलरिथ यांचे नाव मिळाले आहे. एका चलात किती अक्षरे मावतील हे संगणकाच्या शब्दलांबीवर अवलंबून असे. ३६ बिटांच्या आयबीएम ७०९० वर ६, ४८ बिटांच्या सीडीसी ३६०० वर ८, ६० बिटांच्या सीडीसी ६६०० वर १०, तर ३२ बिटांच्या आयबीएम सिस्टिम/३६० वर ४ अक्षरे मावत. आजच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात आठ अक्षरे वाचण्याची सूचना दिल्यास भाषेच्या नियमानुसार उजवीकडची चारच उरतात. मग आज्ञावलीत त्या चलाची तुलना पूर्ण शब्दाशी केलेली असेल, तर ती कधीच जुळत नाही व आदानातील पर्याय निमूटपणे दुर्लक्षिले जातात. असे चल शोधून त्यांना ‘कॅरेक्टर’ प्रकार देणे हाच खात्रीचा उपाय होय.

प्राचलांतील विसंगती : उपआज्ञावलीकडे सोपविल्या जाणाऱ्या राशींना येथे प्राचले म्हटले आहे. जुन्या संकलकांना प्रत्येक उपआज्ञावली स्वतंत्रपणे वाचावी लागे. त्यामुळे बोलावणाऱ्याने पाठविलेली व उपआज्ञावलीने अपेक्षिलेली प्राचले जुळतात की नाही हे तपासले जात नसे. प्रत्यक्षात केवळ स्मृतीतील पत्ता पाठविला जाई. गरजेनुसार स्मृती मागण्याची सोय नसल्याने आज्ञावलीकार एकच मोठी सारणी घोषित करीत व तिचे तुकडे कधी पूर्णांकांसाठी, तर कधी सत् संख्यांसाठी निरनिराळ्या उपआज्ञावलींना देत. मानकाच्या दृष्टीने हे अवैध, पण सर्वत्र रूढ होते. २०२० मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून जी-फोर्ट्रान अशी विसंगती दोष म्हणून नाकारू लागला व तोवर सुरळीत संकलित होणाऱ्या अनेक आज्ञावली अडल्या. ‘अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ या पर्यायाने दोषाचे रूपांतर इशाऱ्यात होते. परंतु त्यामुळे जाणीवपूर्वक केलेल्या विसंगतींबरोबर खऱ्या चुकाही झाकल्या जातात. म्हणून तो सरसकट न वापरता, प्रत्येक इशारा वाचून मगच त्या फाइलीपुरता वापरणे श्रेयस्कर.

या गटातील आणखी दोन प्रकार वारंवार आढळतात. एक म्हणजे, उपआज्ञावलीत सारणीची लांबी १ अशी नाममात्र लिहिण्याची प्रथा. सारणीची मर्यादा ओलांडली जाते का हे तपासण्याची सोय चालू केल्यास असे प्रत्येक ठिकाण चुकीचे ठरते. १ च्या जागी तारांकन लिहिल्यास ही अडचण दूर होते. दुसरा म्हणजे, प्राचल म्हणून स्थिरांक पाठविणे व उपआज्ञावलीने त्यात बदल करणे. काही जुन्या संगणकांवर यामुळे १ या स्थिरांकाचेच मूल्य बदलून जाई व पुढील सर्व गणित बिघडे. आधुनिक प्रणालींत स्थिरांक बहुधा केवळ वाचनक्षम स्मृतीत ठेवले जातात. त्यामुळे आज्ञावली तेथेच बंद पडते. येथे नवी प्रणाली जुन्यापेक्षा अधिक उपकारक ठरते.

दीर्घकाळ चालून गेलेली चूक अकस्मात कशी उघडी पडते याचे एक उदाहरण २०१९ मधील आहे. फोर्ट्रानमध्ये अक्षरमाला प्राचल म्हणून देताना तिची लांबीही एक अदृश्य प्राचल म्हणून जाते. लॅपॅक या फोर्ट्रान संग्रहाला सी भाषेतून बोलावणारे पुष्कळ लेखक, अक्षर एकच असल्याने, ही लांबी देत नसत. संख्याशास्त्रातील आर ही प्रणालीही अशा वापरकर्त्यांपैकी होती. जी-फोर्ट्रानने केलेल्या एका वैध इष्टतमीकरणामुळे अशा आज्ञावली कोसळू लागल्या. दोष बोलावणाऱ्यांचा होता. तरीही वापर इतका रूढ होता की, संकलकात त्यासाठी खास पर्याय ठेवावा लागला आणि आर प्रणालीतही दुरुस्ती करण्यात आली.

स्मृतीविषयक गृहीते : उपआज्ञावलीतून परतल्यावर तिच्या स्थानिक चलांची मूल्ये अनिश्चित होतात, असे १९६६ चेच मानक सांगते. तथापि त्या काळच्या बहुसंख्य संगणकांवर सर्व चलांना कायमची जागा मिळे. त्यामुळे मूल्ये पुढील आवाहनापर्यंत टिकत. काही ठिकाणी स्मृती आरंभी शून्याने भरलेली असे व आज्ञावलीकार चलांना आरंभमूल्य देण्याची तसदी घेत नसत. आजचे संकलक स्थानिक चल तात्पुरत्या स्मृतीत म्हणजे स्टॅकवर ठेवतात व तेथे आधीच्या कामातील उरलेसुरले अंक असतात. परिणामी आज्ञावली कधी बरोबर, कधी चूक उत्तर देते किंवा छपाईचे एक विधान वाढविताच तिचे वर्तन बदलते. ‘नो-ऑटोमॅटिक’ या पर्यायाने सर्व चल पूर्वीप्रमाणे कायम जागी ठेवता येतात. तात्पुरता उपाय म्हणून हा उपयुक्त आहे. कायमचा उपाय म्हणजे मूल्य टिकणे अपेक्षित असलेले चल ओळखून त्यांना ‘सेव्ह’ हे विधान लावणे व प्रत्येक चलास आरंभमूल्य देणे.

आवर्तने : ‘डू’ आवर्तनाची अंतिम मर्यादा आरंभीच्या मूल्यापेक्षा लहान असणे १९६६ च्या मानकात अनुज्ञेय नव्हते, परंतु बहुतेक संकलक मर्यादेची तपासणी आवर्तनाच्या शेवटी करीत असल्याने अशा वेळी आवर्तन एकदा घडे. फोर्ट्रान-७७ पासून ते एकदाही घडत नाही. मर्यादा शून्य असतानाही एक फेरी होईल यावर विसंबून लिहिलेली आज्ञावली आज कोणताही इशारा न मिळता संकलित होते व निराळे उत्तर देते. काही संकलकांत ‘वन-ट्रिप’ हा जुनी रीत पाळणारा पर्याय असतो. नसल्यास शंकास्पद आवर्तने हाताने तपासावी लागतात.

संख्यांची परिशुद्धता : सीडीसी ६६०० वरील साध्या सत् संख्येत सु. १४ दशमान अंकांची परिशुद्धता होती. सिस्टिम/३६० वरील साध्या सत् संख्येत ६-७ अंकच असत व तिची मांडणी १६ या पायावर होती. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने द्विमान पद्धतीतील ३२ बिटांची (सु. ७ अंक) व ६४ बिटांची (सु. १६ अंक) अशी रूपे रूढ केली. सीडीसी वर साध्या सत् संख्येत लिहिलेली आज्ञावली आज तशीच संकलित केली, तर निम्मी परिशुद्धता गमावली जाते. सर्व सत् संख्या ६४ बिटांच्या मानण्याचा पर्याय संकलकांत असतो. परंतु त्याचा धोका ओळखला पाहिजे. फोर्ट्रानच्या नियमानुसार साधी सत् संख्या व पूर्णांक स्मृतीत सारखीच जागा व्यापतात. केवळ सत् संख्याच दुप्पट केल्यास हे प्रमाण बिघडते आणि ‘कॉमन’ व ‘इक्विव्हॅलन्स’ यांच्या साहाय्याने एकच जागा दोन प्रकारे वापरणाऱ्या आज्ञावलीत चलांची स्थाने सरकतात. शिवाय आधी संकलित करून ठेवलेल्या संग्रहांशी त्यांचा मेळ राहत नाही.

यंत्र-स्थिरांक : संगणकागणिक बदलणारी परिशुद्धता हाताळण्यासाठी बेल प्रयोगशाळेतील फॉक्स, हॉल व श्रायर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली रचना पुढे फार प्रचलित झाली. तीत आय१मॅक, आर१मॅक व डी१मॅक अशा तीन लहान उपआज्ञावली असून संगणकाची लघुतम व महत्तम संख्या, सापेक्ष अंतर इ. स्थिरांक त्या पुरवितात. प्रत्येक संगणकाचे आकडे ‘डेटा’ विधानांच्या रूपाने लिहिलेले, पण पहिल्या स्तंभातील ‘सी’मुळे टिप्पणी म्हणून निष्क्रिय केलेले असत, आपल्या संगणकापुढील ‘सी’ तेवढे काढावयाचे. १,४०० हून अधिक उपआज्ञावली असलेला स्लाटेक हा संग्रह या स्थिरांकांवर अवलंबून आहे. येथे भलत्याच संगणकाचे आकडे कार्यान्वित राहिले, तरी संकलन होऊ शकते. मात्र उत्तर पुरेसे अचूक झाले की नाही हे ठरविणारी कसोटीच बिघडते. फोर्ट्रान-९० पासून भाषेतच असलेल्या ‘एप्सिलॉन’, ‘टायनी’ व ‘ह्यूज’ या फलनांमधून हे स्थिरांक घेतल्यास प्रश्न कायमचा सुटतो. ६४ बिटांच्या रूपासाठी ‘एप्सिलॉन’चे मूल्य सु. २·२२ × १०⁻¹⁶ येते.

आदान व प्रदान : १९६६ च्या मानकात ‘ओपन’ हे विधान नव्हते. वाचनासाठी ५ व छपाईसाठी ६ हे क्रमांक संकेताने ठरलेले असत व ते आजही बहुतेक ठिकाणी चालतात. छापावयाच्या ओळीतील पहिले अक्षर मुद्रणयंत्राला कागद सरकविण्याची सूचना देई. आज ते अक्षर तसेच छापले जाते, एवढाच फरक पडतो. द्विमान स्वरूपातील जुन्या फाइलींत मात्र बाइटांचा क्रम, संख्येची मांडणी व नोंदींच्या सीमा या तिन्हींत फरक असू शकतो. बाइटांचा क्रम उलटविण्याची सोय संकलकांत असते. परंतु १६ पायाच्या संख्या स्वतंत्र आज्ञावलीने रूपांतरित कराव्या लागतात.

कार्यपद्धती : प्रथम मूळ आज्ञावलीची प्रत अबाधित ठेवतात व जुन्या छापील उत्तरांसह मिळतील तितकी आदाने गोळा करतात. नंतर जुन्या मानकाचा पर्याय देऊन, परंतु सर्व इशारे चालू ठेवून व इष्टतमीकरण बंद ठेवून संकलन करतात. या पहिल्या फेरीत केवळ संकलनास आवश्यक तेवढेच बदल करावेत. शैली सुधारण्याचा मोह टाळावा, कारण एकाच वेळी अनेक बदल केल्यास उत्तर कशामुळे बदलले हे सांगता येत नाही. दुसऱ्या फेरीत सारणींच्या मर्यादांची तपासणी चालू करतात व सत् चलांत आरंभी ‘संख्या नव्हे’ असे खास मूल्य भरून घेतात. आरंभमूल्य न दिलेला चल गणितात येताच आज्ञावली तेथेच थांबते. तिसऱ्या फेरीत तीच आज्ञावली दुसऱ्या एखाद्या संकलकाने संकलित करून पाहतात. एकाने न टिपलेला दोष दुसरा पुष्कळदा टिपतो. इष्टतमीकरण सर्वांत शेवटी, पायरीपायरीने वाढवितात.

उत्तरे पडताळताना शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत जुळणीची अपेक्षा करू नये. बेरजेचा क्रम बदलला किंवा गुणाकार व बेरीज एकाच क्रियेत झाली, तरी शेवटचे अंक बदलतात. किती फरक क्षम्य हे त्या प्रश्नाच्या संवेदनशीलतेवरून आधीच ठरवावे लागते. जुनी उत्तरे उपलब्ध नसल्यास ज्यांचे अचूक उत्तर सूत्राने काढता येते अशी उदाहरणे सोडवून पाहतात किंवा आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून किती शेष उरतो ते तपासतात. सत् संख्यांची तंतोतंत समानता पाहून थांबणारी आवर्तने विशेष जपून पाहावी लागतात. निराळ्या परिशुद्धतेवर ती कधीच न थांबण्याची शक्यता असते.

साधने : गनू प्रकल्पाच्या संकलकसंचात पूर्वी असलेल्या जी-७७ ची जागा २००५ मध्ये जी-फोर्ट्रानने घेतली. त्याशिवाय इंटेल व नॅग यांचे संकलक आणि एलएलव्हीएम प्रकल्पातील फ्लँग हे प्रचारात आहेत. एफटीएनचेक हे साधन फोर्ट्रान-७७ आज्ञावलीतील प्राचलांची विसंगती, न वापरलेले चल इ. गोष्टी दाखविते. बेल प्रयोगशाळेत तयार झालेले एफ२सी हे साधन फोर्ट्रान-७७ चे सी भाषेत रूपांतर करते. परंतु त्यातून मिळणारी आज्ञावली माणसाने वाचण्याजोगी राहत नाही.

मूल्यमापन : जुनी आज्ञावली जपावी की सर्वस्वी नव्याने लिहावी, हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. नव्याने लिहिलेली आज्ञावली वाचण्यास सुलभ असते. पण जुनीत वर्षानुवर्षांच्या वापरातून साठलेले, कोठेही नोंद नसलेले ज्ञान असते. निरर्थक भासणारे एखादे विधान अतिप्रवाह टाळण्यासाठी मुद्दाम घातलेले असू शकते. म्हणून जी आज्ञावली पडताळलेली आहे व जिच्यात भर घालावयाची नाही ती कमीत कमी बदलांनी संकलित करून नव्या आवरणातून वापरणे आणि जिच्यात सतत भर पडणार आहे तिचे टप्प्याटप्प्याने नव्या मानकात रूपांतर करणे, असा विवेक सामान्यतः करतात. कोणताही मार्ग घेतला, तरी वापरलेला संकलक, त्याची आवृत्ती, दिलेले पर्याय व केलेला प्रत्येक बदल यांची कारणांसह नोंद आज्ञावलीबरोबरच ठेवणे अगत्याचे असते. जुन्या आज्ञावलीकारांची अनेक गृहीते त्यांच्या काळी सर्वज्ञात असल्यामुळे लिहिली गेली नाहीत आणि पुनर्संकलनातील बहुतांश अडचणी त्यातूनच उद्‌भवल्या आहेत.